चिपभोवतीचा पसारा

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवसभर काय चालतं हे बाहेरच्या माणसाने पाहिलं, तर त्याची निराशाच होईल. या नळीतलं द्रव त्या नळीत, त्यातलं थोडं तिसऱ्या नळीत, मग हलवा, थांबा, गरम करा, पुन्हा काढा. शोध लागलाच तर या ने-आणीच्या शेवटी कधीतरी लागतो. ही ने-आण माणसाच्या हातून काढून केसाच्या जाडीच्या नळ्यांकडे सोपवायची, आणि त्यासाठी लागणारी चिप, यंत्र आणि रसायनं संशोधकांना विकायची, असा धंदा करणाऱ्या कंपन्या गेल्या तीसेक वर्षांत जगभर उभ्या राहिल्या. या तंत्राला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. पुढच्या पानांत त्याची आणि त्या कंपन्यांची ओळख आहे.

कणकवलीत बसून हे कशाला, असं विचारणारे भेटलेच. प्रश्न रास्त आहे. इथल्या महाविद्यालयांत डीएनएच्या नकला काढणारं पीसीआरचं यंत्र चित्रात दाखवावं लागतं, तिथे पेशीगणिक जनुकं वाचणाऱ्या चिपची गोष्ट म्हणजे हवेतल्या गप्पा वाटणार. पण कणकवली स्टेशनवरून दक्षिणेकडची गाडी पकडली, तर कुडाळ, सावंतवाडी, थिवी, करमळी झाल्यावर वेर्णा लागतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत मोलबायो डायग्नॉस्टिक्सचं ठाणं आहे. क्षयरोग काही मायक्रोलिटरांत ओळखणारी तिची ट्रूनॅट चिप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शिफारस केलेल्या चाचण्यांत आहे. दुसरं कारण दोडामार्गच्या जंगलातलं. ते पुढे येईल.

ही पुस्तिका लिहिणारे शिक्षक आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत. त्यांतले बरेच जण या ना त्या वर्गात माझ्यासमोर बसलेले. त्यांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मी एक अट घातली : 'छोटं म्हणजे चांगलं' हा सूर मी लावणार नाही. या विषयावर बोलणारे चिप बोटावर ठेवून फोटो काढतात. फोटोच्या चौकटीबाहेर काय असतं, हे दाखवत नाहीत. बाहेर असतो दाबाच्या हवेचा सिलिंडर, पंपांची रांग, झडपांचं नियंत्रण करणारा संगणक, सूक्ष्मदर्शक, त्यावरचा कॅमेरा, आणि या सगळ्याची नस ओळखणारा एक पीएच.डी. झालेला माणूस. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. या क्षेत्रातले लोक स्वतःच हसत म्हणतात की चिपवर प्रयोगशाळा मांडायची होती, प्रत्यक्षात प्रयोगशाळेत चिप मांडली गेली. म्हणून या कंपन्यांचा इतिहास मला चिप किती लहान झाली याचा वाटत नाही. चिपभोवतीचं काय काय काढून टाकता आलं, आणि कोणाला आलं, याचा तो इतिहास आहे.

आधी थोडं पदार्थविज्ञान, कारण सगळा खेळ त्यावर उभा आहे. १८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची एक बारीक धार सोडली. वेग कमी असताना ती धार सरळ रेघेसारखी शेवटपर्यंत जाई. वेग वाढवला की एका टप्प्यावर ती विस्कटे आणि सगळं पाणी रंगे. हा टप्पा केवळ वेगावर ठरत नाही. वेग, नळीची रुंदी आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करून त्याला चिकटपणाने भागलं की जो आकडा येतो, त्यावर तो ठरतो. नळीत हा आकडा साधारण दोन हजारांच्या खाली असेल तर प्रवाह शिस्तीत राहतो. श्रावणात भरून वाहणाऱ्या गड नदीचा आकडा लाखांच्या पलीकडे जातो, म्हणून तिथे भोवरे. आता १०० मायक्रोमीटर रुंदीची नळी घ्या आणि तीत पाणी सेकंदाला एक मिलिमीटर या वेगाने सोडा. आकडा येतो ०.१. इथे भोवरा संभवतच नाही. निळं आणि पिवळं पाणी दोन बाजूंनी आत सोडलं तर दोन्ही धारा खांद्याला खांदा लावून जातात आणि मधली सीमा नजरेला स्पष्ट दिसते. हा प्रयोग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली करता येतो. मुलांना तो पहिल्यांदा खोटाच वाटतो.

दोन धारा मिसळत नाहीत ही अडचणही आहे आणि सोयही. साध्या सरळ नळीत मिसळायचंच असेल तर रेणूंनी आपापल्या भटकण्याने पलीकडे जायचं, दुसरा मार्ग नाही. मात्र या भटकण्याचा हिशेब अंतराच्या वर्गाने चालतो. छोट्या रेणूला पाण्यात १०० मायक्रोमीटर ओलांडायला पाचेक सेकंद लागतात. एक सेंटिमीटर ओलांडायला तेरा-चौदा तास. अंतर शंभरपट, वेळ दहा हजारपट. म्हणजे नळी पुरेशी अरुंद केली की ढवळण्याची गरजच राहत नाही, आणि कोणता रेणू कुठे, किती वेळात पोचेल हे कागदावर आधी काढता येतं. उष्णतेचंही तेच. मोठ्या नळीतलं द्रव ९५ अंशांवरून ६० वर आणायला वेळ लागतो, काही मायक्रोलिटरचा थेंब चटकन निवतो. तापवा-निववाच्या तीस-चाळीस फेऱ्यांवर चालणाऱ्या पीसीआरला हे वरदानच. पुस्तिकेतलं दुसरं प्रकरण याच गणिताचं आहे. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी ते ओलांडावं, पण आकृत्या तेवढ्या पाहाव्यात.

कल्पना जुनी आहे. १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये स्टीफन टेरी यांनी सिलिकॉनच्या एका चकतीवर वायूंचं पृथक्करण करणारं अख्खं उपकरण कोरलं होतं. १९९० साली आंद्रेआस मान्झ यांनी रासायनिक विश्लेषणाची संपूर्ण साखळी एका चिपवर आणण्याचा आराखडा मांडला, तेव्हापासून या विषयाला विषय म्हणून मान मिळाला. पण सिलिकॉन कोरायला स्वच्छ खोली लागे, आम्लं लागत, पैसा लागे, आणि नक्षी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. कोंडी फोडली ती हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यांनी पीडीएमएस नावाचं पारदर्शक, रबरासारखं सिलिकोन वापरलं. न्हाणीघरात फरशीच्या फटी बुजवायला जे सिलिकोन वापरतात, त्याच्याच कुळातलं. साच्यावर ओतायचं, भट्टीत धरायचं, सोलून काढायचं, काचेवर चिकटवायचं. विद्यार्थ्याला सुचलेली नक्षी दोन दिवसांत हातात. जगभरातल्या विद्यापीठांत हा विषय पसरला तो या रबरामुळे.

हे रबर मऊ आहे, हाच स्टीफन क्वेक यांनी हेरलेला मुद्दा. क्वेक तेव्हा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते. २००० साली त्यांच्या गटाने 'सायन्स'मध्ये जी झडप दाखवली तिची रचना अशी : खाली द्रवाची नळी, तिच्यावर आडवी हवेची नळी, मधे पातळ पडदा. वरच्या नळीत दाब दिला की पडदा खाली फुगतो आणि खालचा प्रवाह बंद होतो. दाब सोडला की पुन्हा वाट मोकळी. आपल्याकडे सुपारीच्या बागेत शिंपणं करणारा माणूस कुदळीने मातीचा गोळा ओढून एक पाट बंद करतो आणि पाणी दुसऱ्या आळ्याकडे वळवतो, अगदी तसं. अशा तीन झडपा ओळीने ठेवून क्रमाने उघड-मिट केल्या की पंप तयार होतो. दोन वर्षांत याच गटाने एका चिपवर हजारो झडपा बसवल्या. क्वेक आणि गेजस वर्दिंग्टन यांनी १९९९ सालीच यासाठी कंपनी काढली होती, तिचं नाव फ्लुइडिम.

जीवविज्ञान संशोधनासाठी सूक्ष्मप्रवाहाचं तंत्र विकणारी कंपनी म्हणजे काय, हे समजून घ्यायला फ्लुइडिमइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही, म्हणून पुस्तिकेत तिला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. प्रथिनांचे स्फटिक कोणत्या द्रावणात तयार होतात हे शेकडो मिश्रणांत एकदम तपासणारी चिप, मग एकाच वेळी हजारो पीसीआर चालवणारी चिप, मग २०१२ साली सी-१ हे यंत्र. एक-एक पेशी वेगळी पकडायची, तिथेच फोडायची आणि तिच्यातल्या आरएनएची नक्कल काढायची, हे काम सी-१ करी. सुरुवातीला एका खेपेला जास्तीत जास्त ९६ पेशी. आज हा आकडा किरकोळ वाटेल. त्याआधी एका पेशीचा आरएनए वाचणं हे एखाद्या तरबेज संशोधकाच्या हातगुणावर होतं, हे लक्षात ठेवलं तर ९६ ही उडी किती मोठी ते कळतं. कारागिरी विलक्षण होती. अडचणीही त्याच कारागिरीच्या होत्या : पेशीचा आकार चिपच्या खाचेशी जुळायला हवा, मोठ्या पेशीसाठी वेगळी चिप घ्या, चिप महाग, यंत्र महाग.

मग २०१५ साली हार्वर्डच्या परिसरातून एकाच महिन्यात दोन शोधनिबंध आले. दोन्हीकडे झडप नव्हती. तेलाच्या प्रवाहात पाण्याची धार सोडली की तिचे एकसारखे थेंब तुटतात. एका थेंबात एक पेशी आणि एक बारीक मणी एकत्र पडेल अशी व्यवस्था केली. मण्यावर त्याची स्वतःची ओळखखूण, डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली. थेंबात पेशी फुटते, तिचा आरएनए मण्याला चिकटतो, खूण लागते. नंतर सगळे थेंब एकत्र फोडले तरी चालतं, कारण कोणता रेणू कोणत्या पेशीतला हे खुणेवरून कळतं. यातली एक गंमत मला फार आवडते. एका थेंबात दोन पेशी पडू नयेत म्हणून पेशींचं द्रावण मुद्दाम इतकं पातळ करतात की बहुतांश थेंब रिकामेच जातात. फ्लुइडिमच्या अभियंत्यांनी प्रत्येक पेशीला घर बांधून दिलं होतं. इथे हजारो घरं रिकामी ठेवून काम फत्ते केलं, कारण रिकाम्या थेंबाला खर्चच नाही. २०१२ साली स्थापन झालेल्या टेन-एक्स जीनोमिक्सने अशीच रीत यंत्रात बसवून विकायला काढली आणि ९६ पेशींच्या जागी एका खेपेला हजारो पेशी आल्या. फ्लुइडिमचं नाव २०२२ साली बदलून स्टँडर्ड बायोटूल्स झालं, तोवर कंपनीचा भर दुसऱ्याच तंत्राकडे गेला होता. सर्वांत सुंदर झडप करणारे मागे पडले आणि झडप टाकून देणारे पुढे गेले.

अर्थात टेन-एक्सनेही पसारा नाहीसा केला असं नाही, तो पुढे ढकलला. हजारो पेशींतले रेणू वाचायला मोठा सिक्वेन्सर लागतो आणि वाचलेलं लावायला तगडा संगणक आणि तो चालवणारा माणूस. चिपच्या खोलीतली गर्दी पांगली, शेजारच्या खोलीत जमली.

संशोधनातून निदानाकडे वळलं की प्रश्न बदलतो, आणि इथे एका साध्या गणिताकडे दुर्लक्ष करणाऱ्यांची फसगत होते. समजा, एक मिलिलिटर रक्तात दहा जंतू आहेत. त्यातला दहा मायक्रोलिटरचा थेंब चिपवर घेतला, तर त्यात सरासरी एक दशांश जंतू येणार. म्हणजे दहातल्या नऊ थेंबांत जंतूच नसणार. चिप कितीही हुशार असो, जे तिच्यापाशी पोचलंच नाही ते ती कुठून शोधणार? बोटाला टोचून काढलेल्या चार थेंबांत शेकडो चाचण्या करू, असं सांगणाऱ्या थेरॅनॉस कंपनीने २००३ ते २०१८ या काळात गुंतवणूकदारांचा आणि रुग्णांचा विश्वास पार धुळीला मिळवला. संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना २०२२ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली. तो घोटाळा होता, तंत्राचा पराभव नव्हे, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. फसवणूक झाली हे खरं. पण थेंबाच्या आकाराचं गणित तरी किती जणांनी करून पाहिलं? ते नववीच्या मुलालाही जमलं असतं.

हे गणित ज्यांनी पहिल्यापासून मानलं त्यांची यंत्रं दोन कामं वेगळी करतात. आधी मोठ्या नमुन्यातून डीएनए गोळा करून थोडक्यात आणायचा, मग तो थोडका थेंब चिपवर द्यायचा. क्षयरोगाच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२मध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीची काच पाहणं हीच मुख्य तपासणी. त्यात जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार तरी हवेत. औषधाला दाद देणारा की न देणारा, हे काच सांगत नाही. डिसेंबर २०१०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅलिफोर्नियातल्या सेफिड कंपनीच्या जीनएक्स्पर्टला मान्यता दिली. आपल्याकडचे कर्मचारी त्याला 'सीबीनॅट' म्हणतात. थुंकी कार्ट्रिजमध्ये ओतली की पुढचं सगळं आतल्या आत होतं, आणि रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही तेही कळतं. उत्तम यंत्र. पण त्याला स्थिर वीज हवी, थंड खोली हवी, कार्ट्रिज २८ अंशांच्या वर ठेवायचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी हे जमतं. वैभववाडीच्या किंवा दोडामार्गच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मृगाचा पहिला पाऊस पडला की वीज कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, तिथे कसं जमणार?

बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जने या प्रश्नावर काम केलं. चंद्रशेखर नायर त्या कामात अग्रभागी होते. सीएसआयआरच्या योजनेतून त्यांना मदत मिळाली. त्यांच्या सुरुवातीच्या पेटंटांत सिलिकॉन नाही, कमी तापमानाला भाजलेल्या सिरॅमिकचे थर आहेत आणि त्यांतच तापवण्याची पट्टी छापलेली आहे. थेंब जिथे बसतो तिथेच त्याची शेगडी. उत्पादनासाठी बिगटेक आणि गोव्याचा ट्युलिप समूह यांनी मोलबायो उभी केली. ट्युलिप म्हणजे रक्तगट, गर्भ, विषमज्वर अशा रोजच्या तपासण्यांची रसायनं गावोगावच्या लॅबना पुरवणारा जुना समूह. खेड्यातल्या लॅबमध्ये फ्रीजमध्ये काय आणि कसं ठेवलेलं असतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार, असा माझा तर्क आहे. एप्रिल २०२०मध्ये कोविडच्या तपासणीसाठी आयसीएमआरने ट्रूनॅटला परवानगी दिली आणि हे नाव एकदम घरोघरी पोचलं. क्षयाची शिफारस त्याच वर्षीची.

ही तपासणी होते कशी, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. बेडका घट्ट असतो, म्हणून आधी त्यात द्रवीकरणाचं औषध दोन थेंब टाकून दहा मिनिटं ठेवतात. तो पातळ झाला की त्यातला अर्धा मिलिलिटर जंतू फोडणाऱ्या द्रावणात. तिथेच जंतू मरतो, पुढे हाताळायला धोका कमी. मग सगळं एका कार्ट्रिजमध्ये ओतून ट्रूप्रेप नावाच्या पेटीत ठेवायचं. वीसेक मिनिटं पेटी आपली आपण डीएनए पकडते, धुते, मोकळा करते. अर्ध्या मिलिलिटरचं थोडक्यात आणायचं काम इथे झालं. त्यानंतर एक इवलीशी नळी घ्यायची. तिच्या तळाशी वाळवलेल्या रसायनाची पांढरी गोळी दिसली पाहिजे, ती झाकणाला चिकटलेली असेल तर आपटून खाली आणायची. त्यात ६ मायक्रोलिटर डीएनए सोडून मिनिटभर थांबायचं, गोळी विरली की त्यातले ६ मायक्रोलिटर उचलून चिपवरच्या खळग्यात. बुडबुडा येऊ द्यायचा नाही. यंत्राचा ट्रे आत ढकलला की चाळीस मिनिटांच्या आत पडद्यावर आलेख चढताना दिसतो, किंवा दिसत नाही. जंतू सापडला तर त्याच डीएनएतून रिफाम्पिसिनची दुसरी चिप, आणखी तासभर. यंत्र बॅटरीवर चालतं. रसायन वाळवलेलं असल्यामुळे चिपांना फ्रीज लागत नाही, ३० अंशांपर्यंत चालतं. वैशाखात कणकवलीत पारा तीसच्या वर असतो, हे मात्र कोणी विसरू नये. चिपांचा खोका पत्र्याच्या खोलीत नव्हे, औषधभांडाराच्या गार कोपऱ्यात ठेवायचा.

याला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणायचं का, यावर पुस्तिकेच्या लेखकांत बराच वाद झाला. क्वेक यांच्या चिपशी तुलना केली तर ट्रूनॅटच्या चिपवर वाहणं जवळपास नाहीच, थेंब बसतो आणि तापतो. वाहतं ते कार्ट्रिजमध्ये. थेंबाची शेवटची उचल माणसाच्या हातात, पिपेटने. सीबीनॅटमध्ये हे करावं लागत नाही, हा त्याचा मोठेपणा मान्यच करायला हवा. पण सगळं आतल्या आत करायचं तर यंत्रात हलणारे भाग वाढतात, किंमत वाढते आणि वातानुकूलन मागे येतं. बिगटेकने एक पाऊल माणसाकडे ठेवलं आणि त्या बदल्यात एसी, फ्रीज आणि अखंड वीज तिन्ही काढून टाकली. ६ मायक्रोलिटर अचूक उचलायला शिकवणं हे आठवड्याचं काम आहे. आरोग्य केंद्राला अखंड वीज देणं किती वर्षांचं काम आहे ते आपण जाणतोच. माझ्या मते सौदा बरोबर होता.

आता दोडामार्ग. माकडतापाचा विषाणू १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी जंगलात पसरतात आणि पाला, लाकडं, काजू गोळा करणाऱ्यांना चावतात. २०१५ साली तो गोव्यात सत्तरी तालुक्यात होता. २०१६च्या सुरुवातीला सीमा ओलांडून दोडामार्ग तालुक्यात आला, पुढे सावंतवाडीच्या बाजूलाही. हंगाम नेमका काजूचाच. माकड मेलेलं दिसलं की ग्रामपंचायतीला कळवा, अंगाला तेल लावून जंगलात जा, अशा सूचना गावोगाव गेल्या. रक्ताचे नमुने मात्र पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे किंवा मणिपालला जात. जिवंत विषाणू हाताळायला उच्च जैवसुरक्षेची, किमान बीएसएल-३ दर्जाची प्रयोगशाळा लागते, ती तालुक्याला असणं शक्यच नाही. घरच्यांना कळे ते एवढंच : "तेका बांबोळीक न्हेवक् सांगल्यानी." सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला नेण्याची ही वहिवाट जुनी आहे. नमुना एका दिशेला, रुग्ण दुसऱ्या दिशेला.

पुढे विषाणू संस्थेने मोलबायोच्या यंत्रावर चालणारी माकडतापाची चाचणी तपासून सिद्ध केली. क्षयासाठी घेतलेल्या त्याच यंत्रात चिप बदलायची. नमुना विषाणू मारणाऱ्या द्रावणात आधीच गेलेला असल्याने तो गावाजवळ हाताळता येतो. पण इथे भाबडेपणा नको. माकडतापावर नेमकं औषध नाही. चाचणी लवकर झाली म्हणून गोळी देऊन ताप उतरवता येत नाही. फायदा दोन प्रकारचा : रक्तस्राव आणि प्लेटलेट यांसाठी कोणाकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते ठरतं, आणि गोचिडी कोणत्या वाडीच्या रानात आहेत ते त्या आठवड्यातच कळतं, हंगाम संपल्यावर नव्हे.

लेप्टोस्पायरोसिसचं गणित आणखी वेगळं. भातलावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहणाऱ्याला ताप आला की कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टर डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन सुरू करतात, चाचणीची वाट पाहत नाहीत, आणि ते योग्यच. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो तेव्हा पीसीआर तो पकडते. प्रतिपिंडांची चाचणी तेव्हा बहुधा निगेटिव्ह येते, कारण शरीराने प्रतिपिंडं तयार करायला दिवस लागतात. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि नोंदवहीत 'ताप' एवढंच राहतं. म्हणजे इथे चिपचा उपयोग त्या रुग्णापेक्षा पुढच्या रुग्णांना जास्त. असा उपयोग हिशेबात धरायची आपल्या दवाखान्यांना सवय नाही, आणि कंपन्यांनाही तो विकता येत नाही. चिप एका रुग्णाच्या नावावर खर्ची पडते.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. फुप्फुसाची नक्कल करणारी चिप हार्वर्डमध्ये २०१० साली झाली आणि २०२२ अखेर अमेरिकेने औषधांच्या चाचणीत प्राण्यांची सक्ती शिथिल केली. हा विषय मोठा आहे आणि इथे मावला नाही. लसींसाठी मेदाचे सूक्ष्म गोळे तयार करण्याचं तंत्र सुटलं आहे. आयआयटी खरगपूरचे सुमन चक्रवर्ती यांच्या कामाला चारच पानं मिळाली आहेत, ती कमी आहेत असं मी लेखकांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

शेवटचं प्रकरण बंदिस्त यंत्रांवर आहे. सेफिडचं कार्ट्रिज फक्त सेफिडच्या यंत्रात जातं, मोलबायोची चिप फक्त मोलबायोच्या. यंत्र स्वस्तात घेता येतं, पण नंतर प्रत्येक चाचणीचा भाव एकाच दारात विचारावा लागतो. जीनएक्स्पर्टच्या क्षयाच्या कार्ट्रिजची किंमत २०२३ साली दहा डॉलरवरून आठ डॉलरच्या खाली आली, तीसुद्धा जगभरच्या रुग्ण संघटनांनी बरीच वर्षं आवाज उठवल्यावर. चिप सर्वांना करता येईल अशी खुली असावी, असं लेखकांपैकी निम्म्यांचं म्हणणं. खुली केली तर वाईट चिप बाजारात येईल आणि चुकीचा रिपोर्ट हातात पडेल, असं उरलेल्यांचं. मला पहिली बाजू पटते, पण कुडाळच्या एका तंत्रज्ञाने दुसरी बाजू लिहिली आहे ती मला खोडता आलेली नाही. दोन्ही टिपणं समोरासमोरच्या पानांवर छापली आहेत.